लठ्ठपणावरील रोपित विद्युत-उपकरणे : प्रस्तावना

लठ्ठपणावर उपचार म्हणून शरीरात बसवली जाणारी विद्युत-उत्तेजक उपकरणे हृदयाच्या पेसमेकरच्या घराण्यातली आहेत. धातूच्या चपट्या डबीत बॅटरी आणि विद्युत मंडल, डबीतून निघालेल्या एक-दोन लवचीक तारा आणि तारांच्या टोकाला इलेक्ट्रोड, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असते. डबी छातीच्या किंवा पोटाच्या कातडीखाली राहते. पेसमेकरचा इलेक्ट्रोड हृदयाच्या स्नायूला टेकलेला असतो. या उपकरणांत तो जठराच्या भिंतीत, जठराकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूवर किंवा थेट मेंदूच्या खोल भागात बसवतात. भूक कमी लागावी, थोड्या खाण्यावर पोट भरल्याची जाणीव व्हावी, खाण्याची अनावर ओढ आवरता यावी आणि त्यातून वजन उतरावे, हा सगळ्यांचा हेतू. माणसाच्या शरीरात असे पहिले उपकरण बसवल्याला तीन दशके झाली. त्यांपैकी एकाला अमेरिकेत सरकारी मान्यताही मिळाली. तरीही हा उपचार आज प्रायोगिकच गणला जातो. तो तिथेच का राहिला, हे समजून घेण्यासाठी लठ्ठपणाचे स्वरूप, भुकेची यंत्रणा आणि या उपकरणांच्या चाचण्या अशा क्रमाने जावे लागते.

लठ्ठपणा मोजण्याचे रूढ माप म्हणजे बीएमआय. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. जगात सर्वसाधारणपणे ३० किंवा त्याहून अधिक बीएमआयला लठ्ठपणा म्हणतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहमती-निवेदनात हीच मर्यादा २५ वर आणली आणि पोटाच्या घेरासाठी पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटीमीटर ही सीमा ठरवली. मर्यादा खाली आणण्यामागे जे संशोधन होते, त्यातले महत्त्वाचे काम पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गर्भवती माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. जन्मतः वजनाने कमी असलेल्या या बाळांच्या अंगात स्नायू कमी, पण चरबी मात्र तुलनेने टिकून, असे चित्र त्यांना दिसले. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगाने सडपातळ दिसणारा भारतीय आतून चरबीचा भार वाहत असू शकतो, ही गोष्ट त्या एका पानाने जगभरच्या डॉक्टरांना पटवून दिली.

उदाहरणार्थ, पश्चिम महाराष्ट्रातील सातारा आणि सांगली हे जिल्हे याच प्रश्नाच्या कवेत येतात. कृष्णा-कोयनेच्या काठावर उसाचा बागायती पट्टा आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत असा अवर्षणप्रवण भाग, अशी इथली जमीन. आधीच्या पिढ्यांनी तुटपुंज्या पावसात ज्वारी-बाजरी पिकवली, भाकरी-कोरड्यासावर दिवस काढले आणि औतामागे मैलोन्मैल पायपीट केली. पुढच्या पिढीच्या हाताशी ट्रॅक्टर आणि दारात मोटारसायकल आली. घरात साखर, तेल, मैदा मुबलक झाला. जन्माच्या वेळी कमी पोसलेले शरीर पुढे मुबलक अन्नाच्या वातावरणात आले की मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात, हेच पुण्याच्या अभ्यासाचे सांगणे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष २५ किंवा त्याहून अधिक बीएमआयचे होते.

वजन वाढणे हा जिभेचा दोष आणि ते न उतरणे हा निश्चयाचा अभाव, अशी समजूत गावोगाव आहे. शरीरक्रियाशास्त्र निराळे सांगते. १९९४ मध्ये लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. चरबीच्या पेशी ते रक्तात सोडतात आणि शरीरात साठा किती आहे याची खबर मेंदूला देतात. १९९९ मध्ये जठरातून स्रवणारे घ्रेलिन सापडले. ते भूक वाढवते. माणसाने आहार कमी करून वजन उतरवले की लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते आणि शरीर विश्रांतीतही कमी ऊर्जा वापरू लागते. वजन उतरल्यानंतर वर्ष लोटले तरी संप्रेरकांतले हे बदल टिकून राहतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात आढळले. म्हणजे डाएट सोडलेला माणूस आळशी नसतो. त्याचे शरीर गेलेले वजन परत मिळवण्यासाठी झटत असते. म्हणूनच भुकेच्या यंत्रणेत बाहेरून हस्तक्षेप करण्याचे प्रयत्न सुरू झाले.

त्या यंत्रणेचे वरचे टोक मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात आहे. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या मधल्या भागाला इजा केली, तेव्हा उंदीर अफाट लठ्ठ झाले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद या भारतीय शरीरक्रियाशास्त्रज्ञाने जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर उलटा प्रयोग केला. हायपोथॅलॅमसच्या बाहेरच्या बाजूचा एक लहानसा भाग दोन्हीकडून नष्ट केल्यावर उंदरांनी खाणेच सोडले. त्या जागेला ‘भूक केंद्र’ म्हटले गेले. पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद यांनी छिना आणि बलदेव सिंग यांच्यासह या केंद्रांतील एकेका मज्जापेशीची विद्युत हालचाल टिपली आणि रक्तातील ग्लुकोज बदलले की ती कशी बदलते हे १९६२ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले. भूक ही विजेच्या भाषेत मोजता येणारी गोष्ट आहे, हे दाखवणाऱ्या आरंभीच्या कामांत या भारतीय प्रयोगशाळेचा वाटा आहे.

यंत्रणेचे खालचे टोक म्हणजे जठर. जठराच्या भिंतीत काहाल पेशी नावाच्या विशेष पेशी असतात. त्या मिनिटाला सुमारे ३ या गतीने मंद विद्युत लहरी निर्माण करतात आणि त्या लहरींच्या ठेक्यावर जठराचे स्नायू अन्न घुसळून पुढे ढकलतात. १९२२ मध्ये वॉल्टर अल्वारेझ यांनी या लहरी माणसाच्या पोटावरून पहिल्यांदा नोंदवल्या. हृदयाच्या ठोक्याला जसा स्वतःचा नैसर्गिक पेसमेकर असतो, तसा जठरालाही आहे, हे यातून स्पष्ट झाले.

या दोन टोकांना जोडणारा मुख्य मार्ग म्हणजे व्हेगस मज्जातंतू. मेंदूतून निघालेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी ही दहावी जोडी. मानेतून, छातीतून उतरून अन्ननलिकेला बिलगत ती जठराशी पोहोचते. तिथे तिचा एक बुंधा पुढून आणि एक मागून जातो. मेंदूचे हुकूम जठराला पोहोचवणे हे तिचे काम आहेच, पण तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू उलट्या दिशेने, म्हणजे आतड्यांकडून मेंदूकडे संदेश नेणारे आहेत. जठर किती ताणले गेले, आतड्यात स्निग्ध पदार्थ आले की नाही, ही माहिती या वाटेने वर जाते. १९४३ मध्ये शिकागोचे लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी आतड्याच्या व्रणावर उपाय म्हणून हा मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. काही रुग्णांची भूक मंदावली, वजन उतरले. १९७० च्या दशकात लठ्ठपणासाठीही ही शस्त्रक्रिया करून पाहण्यात आली, पण परिणाम कालांतराने ओसरला. कापलेला मज्जातंतू पुन्हा जोडता येत नाही. मग तो न कापता, गरजेनुसार जागवावा किंवा गप्प करावा, असा विचार पुढे आला. त्यासाठी वीज हेच साधन होते.

शरीरात कायमचे विद्युत उपकरण ठेवता येते, हा विश्वास हृदयरोगशास्त्राने दिला. ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर पूर्णपणे शरीरात बसवला गेला. १९९७ मध्ये अपस्मारासाठी मानेतील व्हेगस मज्जातंतूला उत्तेजन देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि हे यंत्र बसवलेल्या काही रुग्णांचे वजन उतरल्याच्या नोंदी पुढे झाल्या. त्याच सुमारास इटलीतील शल्यविशारद व्हॅलेरियो चिगाइना जठरावर काम करत होते. डुकरांवर प्रयोग केल्यावर १९९५ मध्ये त्यांनी लठ्ठ रुग्णांच्या जठराच्या भिंतीत इलेक्ट्रोड बसवायला सुरुवात केली. जठराला बाहेरून विद्युत स्पंद दिले की त्याच्या नैसर्गिक लहरी विस्कळीत होतील, अन्न रेंगाळेल आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होईल, ही त्यामागची कल्पना. सुरुवातीच्या रुग्णांचे वजन उतरले. ट्रान्सन्यूरॉनिक्स या कंपनीने उपकरण विकसित केले आणि युरोप-अमेरिकेत शेकडो रुग्णांत ते बसले.

आता कसोटी होती ती तुलनेची. औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि दिसायला तशीच साखरेची गोळी देऊन फरक मोजतात. शस्त्रक्रियेत असे करणे अवघड असते, कारण जठर अर्धे कापले की नाही हे लपवता येत नाही. विद्युत उपकरणाला मात्र बटण असते. ते सर्वांना बसवता येते, निम्म्यांचे चालू ठेवता येते, निम्म्यांचे बंद. आणि रुग्णाला व त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही कोणाचे काय आहे हे कळू न देता वर्षभर दोन्ही गटांचे वजन मोजता येते. अमेरिकेतील ‘शेप’ चाचणीत हेच केले गेले. १९० रुग्णांना जठर-उत्तेजक बसवला. सर्वांना रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी असलेला आहार दिला आणि दर महिन्याला गटबैठकांना बोलावले. वर्षअखेरीस उपकरण चालू असलेल्यांनी आपल्या जादा वजनापैकी ११.८ टक्के गमावले होते. बंद असलेल्यांनी ११.७ टक्के. फरक शून्याच्या घरातला. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापले गेले. ट्रान्सन्यूरॉनिक्स कंपनी २००५ मध्येच मेडट्रॉनिकने विकत घेतली होती. लठ्ठपणावरचे ते उपकरण पुढे बाजारात आले नाही.

या निकालातली शिकवण उपकरणापेक्षा मोठी आहे. बंद उपकरण घेऊन फिरणाऱ्या माणसांचेही वजन उतरले. शस्त्रक्रिया करून घेण्याइतका मनाचा निर्धार, दरमहा कोणीतरी आपुलकीने वजन विचारणे, ठरवून दिलेला आहार आणि आपल्या पोटात काहीतरी काम करत आहे हा विश्वास, या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम असावा. तुलनेचा गट नसता, तर ते श्रेय पूर्णपणे विजेला मिळाले असते. म्हणूनच या क्षेत्रातील कोणत्याही दाव्यापुढे एक प्रश्न ठेवावा लागतो : बंद उपकरणाच्या तुलनेत किती?

दुसरा मोठा प्रयत्न व्हेगस मज्जातंतूवर झाला. अमेरिकेतील एंटेरोमेडिक्स कंपनीच्या ‘मॅस्ट्रो’ या यंत्राचा हेतू उत्तेजनाच्या उलट, म्हणजे अडवणुकीचा होता. सेकंदाला ५,००० आवर्तनांचा विद्युत प्रवाह मज्जातंतूवर सोडला की त्या जागी संदेश पुढे सरकत नाही आणि प्रवाह थांबला की वहन पूर्ववत होते. पूर्ण भूल देऊन, दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे व्हेगसचा पुढचा आणि मागचा बुंधा मोकळा करतात आणि प्रत्येकाभोवती एकेक इलेक्ट्रोड वेढून टाके घालतात. तारा छातीच्या कडेला कातडीखाली ठेवलेल्या डबीला जोडतात. जठर कापले जात नाही, आतड्याचा मार्ग बदलत नाही. यंत्र दिवसा, जागेपणी, किमान १२ तास चालावे अशी अपेक्षा असते. त्यातही ५ मिनिटे प्रवाह आणि ५ मिनिटे विश्रांती असे चक्र ठेवलेले असते. बॅटरी भरण्यासाठी रुग्णाने डबीवरच्या कातडीवर चकतीसारखी तारेची गुंडाळी धरायची. तिच्यातून ऊर्जा कातडीपलीकडे पोहोचते. म्हणजे हा उपचार रुग्णाला स्वतःच्या हाताने, नेमाने पाळावा लागतो.

पहिल्या मोठ्या चाचणीत, ‘एम्पॉवर’मध्ये, २९४ रुग्ण होते. वर्षानंतर उपचार गटाने जादा वजनाच्या १७ टक्के, तर तुलना गटाने १६ टक्के गमावले. यंत्र दिवसातून जितके जास्त तास चालले तितके वजन अधिक उतरल्याचे दोन्ही गटांत दिसले. तुलना गटाच्या यंत्रातूनही सुरक्षा-तपासणीसाठी अगदी सौम्य विद्युत स्पंद जात होते. त्यांचाच काही परिणाम झाला असावा, असा तर्क संशोधकांनी मांडला. म्हणून पुढच्या ‘रीचार्ज’ चाचणीत तुलना गटाला तारा नसलेली नुसती डबी बसवली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील २३९ रुग्ण, १६२ खऱ्या यंत्राचे, ७७ नुसत्या डबीचे. २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. खऱ्या यंत्राने जादा वजनाच्या २४.४ टक्के घट झाली, नुसत्या डबीने १५.९ टक्के. फरक ८.५ टक्के-बिंदूंचा. चाचणीआधी यशाची रेषा १० बिंदूंवर आखली होती. ती गाठली गेली नाही. यंत्र किंवा शस्त्रक्रियेशी संबंधित गंभीर दुष्परिणाम ३.७ टक्के रुग्णांत झाले. छातीत जळजळ, डबीच्या जागी दुखणे, अपचन, ढेकर, गिळताना त्रास या तक्रारी अधिक आढळल्या, पण बहुतेक सौम्य किंवा मध्यम होत्या.

टक्केवारीचा अर्थ एका उदाहरणाने नीट कळतो. १६० सेंटीमीटर उंची आणि १०५ किलो वजनाच्या स्त्रीचा बीएमआय ४१ येतो. २५ बीएमआयला तिचे वजन ६४ किलो झाले असते; म्हणजे जादा वजन ४१ किलो. त्याच्या २४.४ टक्के म्हणजे सुमारे १० किलो, आणि १५.९ टक्के म्हणजे सुमारे ६.५ किलो. विजेच्या खात्यावर जमा होणारी घट साडेतीन किलोची. ‘जादा वजनाच्या पाव भाग घट’ हे वाक्य आणि ‘१०५ किलोत साडेतीन किलोंचा फरक’ हे वाक्य, दोन्ही एकाच चाचणीतून निघतात. जाहिरातीत पहिले छापले जाते; निर्णय घेताना दुसरे हाताशी असले पाहिजे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १४ जानेवारी २०१५ रोजी या यंत्राला मान्यता दिली. परिणाम मर्यादित असला तरी जोखीम त्याहून कमी आहे, हा त्यामागचा विचार होता. ४० ते ४५ बीएमआय असलेल्या, किंवा ३५ ते ३९.९ बीएमआयसोबत लठ्ठपणाशी निगडित एखादा आजार असलेल्या आणि देखरेखीखालील वजन-कार्यक्रम करूनही यश न आलेल्या प्रौढांसाठी ती होती. तरीही यंत्राचा प्रसार झाला नाही. २०१७ मध्ये कंपनीने रीशेप लाइफसायन्सेस हे नाव घेऊन अन्य उपकरणांकडे मोर्चा वळवला. ज्यांच्या शरीरात यंत्र आधीच होते, त्यांच्या दृष्टीने ही घडामोड व्यापाराची बातमी नव्हती. शरीरातील यंत्राला सुटे भाग, चार्जर, दुरुस्ती आणि जाणकार डॉक्टर वर्षानुवर्षे लागतात. कंपनीने पाठ फिरवली की रुग्ण एकटा पडतो.

याच काळात खाण्याची चाहूल घेऊन चालू होणारे जठर-उत्तेजकही आले. इंट्रापेस कंपनीच्या ‘ॲबिलिटी’ यंत्रात जठराच्या आत डोकावणारा एक संवेदक होता. अन्न किंवा पेय आले की तो ओळखायचा आणि तेव्हाच उत्तेजन सुरू व्हायचे. खाण्याच्या वेळा व शारीरिक हालचाल यांची नोंदही ते ठेवी, आणि डॉक्टर ती संगणकावर रुग्णाला दाखवत. मेटाक्युअर कंपनीचे ‘टँटालस’ हे यंत्र जठराच्या स्वतःच्या लहरींशी ताल जुळवून उत्तेजन देते. टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांत त्याने वजनापेक्षा रक्तातील साखरेवर अधिक परिणाम केला. हे लक्षण भारतीयांसाठी विशेष महत्त्वाचे, कारण इथे मध्यम वजनावरही मधुमेह होतो. पण तो लाभ मुख्यतः रक्तातील ट्रायग्लिसराइड सामान्य असलेल्यांत दिसला आणि भारतीय मधुमेहींत हीच चरबी बहुधा वाढलेली असते. एका समाजात सिद्ध झालेले यंत्र दुसऱ्या समाजात तसेच वागेल, असे गृहीत धरता येत नाही ते यासाठी.

तिसरे क्षेत्र मेंदूचे. पार्किन्सनसाठी मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड बसवण्याचे तंत्र रुळल्यावर आनंद आणि ब्रोबेक यांच्या भूक केंद्राकडे लक्ष जाणे स्वाभाविक होते. टोरांटोमध्ये १९० किलो वजनाच्या एका ५० वर्षीय पुरुषाच्या हायपोथॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड बसवला गेला. प्रवाह सोडताच त्याला सुमारे ३० वर्षांपूर्वी मित्रांसोबत बागेत घालवलेला प्रसंग लख्ख आठवला. प्रवाह वाढवला तसे तपशील स्पष्ट होत गेले. २००८ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली. संशोधकांचे लक्ष भुकेवरून स्मृतीकडे वळले आणि त्यातून अल्झायमरवरील प्रयोगांची दिशा निघाली. भूक, स्मृती आणि भावना यांचे मार्ग मेंदूत किती जवळून जातात, याचा हा ठळक पुरावा ठरला. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गटाने खाण्यावरचा ताबा सुटणाऱ्या दोन रुग्णांचा अनुभव मांडला. मेंदूच्या न्यूक्लियस ॲकम्बन्स या भागात ओढ निर्माण होताना उमटणारी विद्युत खूण यंत्र ओळखते आणि त्याच क्षणी उत्तेजन देते. सहा महिन्यांत ताबा सुटण्याचे प्रसंग कमी झाले, वजनही उतरले. रुग्ण दोनच होते आणि शस्त्रक्रिया मेंदूची होती. त्यामुळे हे काम दिशा दाखवते, उपचार ठरत नाही.

प्रयोगशाळेत बॅटरीशिवाय चालणारी उपकरणेही तयार होत आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठात २०१८ मध्ये उंदरांच्या जठरावर एक बारीक पट्टी बसवली गेली. जठर हलले की तिच्यात वीज निर्माण होते आणि तीच व्हेगसला मिळते. म्हणजे उंदीर खातो तेव्हाच उत्तेजन मिळते. १०० दिवसांत या उंदरांचे वजन इतर उंदरांपेक्षा ३८ टक्के कमी राहिले. उंदराच्या आकड्यावरून माणसाचे भाकीत करता येत नाही, हे जठर-उत्तेजकांच्या इतिहासाने शिकवलेच आहे.

या उपकरणांचे मोल ठरवताना शेजारच्या उपचारांकडे पाहावे लागते. जठराचा मोठा भाग काढणाऱ्या किंवा आतड्याचा मार्ग बदलणाऱ्या बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियांनी एकूण वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के घट होते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत १४.९ टक्के, तर नुसत्या द्रावणाच्या इंजेक्शनने २.४ टक्के घट झाली. तिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के घट दिसली. २०२५ मध्ये ही दोन्ही औषधे भारतात वजनासाठी उपलब्ध झाली. ‘रीचार्ज’मधील व्हेगस-यंत्राची एकूण वजनातली घट ९.२ टक्के होती आणि त्यातली ६ टक्के नुसत्या डबीनेही मिळाली होती. औषध बंद केले की वजन परत येते आणि दरमहा खर्च करावा लागतो, हे खरे. शस्त्रक्रिया सहसा उलटवता येत नाही, हेही खरे. उलटवता येण्याजोगा, एकदाच करायचा, अवयव न कापणारा उपचार म्हणून विद्युत उपकरणांना जागा आहे. ती जागा त्यांनी अजून मिळवलेली नाही, एवढेच.

सातारा-सांगलीच्या रुग्णाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी व्यवहारी होतात. या भागाला शल्यचिकित्सेची जुनी परंपरा आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले आणि दूरदूरचे रुग्ण रेल्वेने मिरजेला येऊ लागले. १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, १९८० च्या दशकात कराडला कृष्णा रुग्णालयाचे वैद्यकीय महाविद्यालय झाले. तेव्हा टाके घालणारा कुशल हात हा इथला अडसर नाही. यंत्र बसवल्यानंतरची वर्षे हा खरा प्रश्न आहे. प्रवाहाची मात्रा ठरवणारा संगणक आणि तो वापरणारा तंत्रज्ञ जवळ आहे का? जतहून किंवा दहिवडीहून दर महिन्याला तपासणीला येणे मजुरी बुडवून परवडेल का? पुढे एमआरआय करायची वेळ आली तर यंत्रामुळे अडेल का? उसाच्या हंगामात दिवसभर रानात असणाऱ्याला रोजचे चार्जिंग जमेल का? वजनकाट्यावर दिसणाऱ्या किलोंइतकीच ही उत्तरे निर्णायक आहेत.

कायद्याने रुग्णाला काही संरक्षण दिले आहे. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे चार वर्ग आहेत आणि पेसमेकरसारखी शरीरात राहणारी विद्युत उपकरणे सर्वाधिक जोखमीच्या वर्गात येतात. नव्या प्रकारच्या उपकरणाची माणसांवर चाचणी घेण्यासाठी केंद्रीय परवानगी, नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून घेतलेली लेखी संमती आवश्यक आहे. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. चाचण्यांची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत होते आणि ती कोणालाही पाहता येते. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार ४० बीएमआय, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ बीएमआय असेल तरच लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि सिद्ध न झालेले उपचार वगळलेले असतात. म्हणून प्रायोगिक यंत्र बसवण्यासाठी कोणी मोठी रक्कम मागत असेल, तर ही नोंदलेली चाचणी आहे की विक्री, हे आधी विचारणे रुग्णाच्या हिताचे आहे.

या क्षेत्राची आजची स्थिती थोडक्यात अशी मांडता येते. जठराला ठरावीक ठेक्याने उत्तेजन देण्याचा मार्ग चाचणीत टिकला नाही. व्हेगस अडवण्याचा परिणाम खरा, पण लहान ठरला. खाणे ओळखून काम करणारी यंत्रे आणि मेंदूतील उत्तेजन प्राथमिक टप्प्यावर आहेत. प्रायोगिक हे विशेषण गळून पडायचे असेल तर चार गोष्टी दिसायला हव्यात : बंद उपकरणाच्या तुलनेत ठळक फरक, तो किमान पाच वर्षे टिकणे, नव्या औषधांशी सरळ तुलना, आणि कमी वजनावरही चरबी व मधुमेह बाळगणाऱ्या भारतीय शरीरांतील स्वतंत्र चाचण्या. तोवर या उपकरणांची जागा परवानगी असलेल्या, नोंदणीकृत संशोधनात आहे. आणि लठ्ठपणाने त्रासलेल्या माणसाला आहार, हालचाल, औषध आणि गरज पडल्यास सिद्ध शस्त्रक्रिया, हे सारे त्याला दोष न देता मिळणे, हा त्याचा आजचा हक्क आहे.